प्रमाणबद्ध विमान-प्रतिकृती

खऱ्या विमानाची सर्व मापे एकाच निश्चित गुणोत्तराने लहान करून तयार केलेल्या व उडविण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी असलेल्या त्याच्या प्रतिरूपास प्रमाणबद्ध विमान-प्रतिकृती म्हणतात. विमानांच्या प्रतिकृती निरनिराळ्या हेतूंनी तयार केल्या जातात. वातविवरात वापरावयाच्या प्रतिकृतीत बाह्य आकार तेवढा अचूक असावा लागतो. रंगाला तेथे महत्त्व नसते. उडत्या प्रतिकृतीत वजन व समतोल यांना प्राधान्य द्यावे लागते व त्यासाठी आकारात थोडाबहुत फरक करावा लागतो. प्रमाणबद्ध प्रतिकृतीत मात्र आकार व दर्शनी रूप या दोहोंची सत्यता अपेक्षित असते. प्रस्तुत नोंदीत प्लॅस्टिकच्या संचापासून लढाऊ जेट विमानाची तपशीलवार प्रतिकृती जोडण्याचे व रंगविण्याचे तंत्र वर्णिले असून उदाहरण म्हणून मुख्यतः मिग-२१ हे विमान घेतले आहे.

प्रतिकृतीचा खरेपणा दोन प्रकारचा असतो : मापांचा आणि दिसण्याचा. मापे गणिताने लहान करता येतात. परंतु पत्र्याची जाडी, रंगाच्या थराची जाडी, प्रकाश, अंतर आणि वापराच्या खुणा या गोष्टी त्याच गणिताने लहान होत नाहीत. त्यामुळे कोठे मापाला धरून राहावयाचे आणि कोठे डोळ्याला पटेल असे करावयाचे, हा निर्णय कारागिराला पदोपदी घ्यावा लागतो. या कलेतील बहुतेक तंत्रे या एका प्रश्नातूनच उद्‌भवली आहेत.

इतिहास : पहिल्या महायुद्धानंतर विमानविद्येविषयी सर्वत्र कुतूहल वाढले व लाकडी प्रतिकृती करण्याचा छंद यूरोप-अमेरिकेत पसरला. १९३० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने विकल्या जाणाऱ्या लाकडी संचांनी १/७२ हे प्रमाण रूढ केले. या प्रमाणात मूळ वस्तूचे ६ फूट प्रतिकृतीत १ इंच होतात. म्हणजेच सर्वसाधारण उंचीचा मनुष्य सुमारे एक इंच उंचीचा दिसतो. १९३६ च्या अखेरीस ‘फ्रॉग पेंग्विन’ ही संचमाला ब्रिटनमध्ये निघाली. सुटे भाग साच्यात तयार करून ग्राहकाने ते जोडावयाचे, ही कल्पना प्लॅस्टिकच्या विमानांच्या बाबतीत तिने प्रथम व्यवहारात आणली. तिच्यासाठी सेल्युलोज ॲसिटेट हे प्लॅस्टिक वापरले जाई. परंतु ते कालांतराने वाकडेतिकडे होत असल्याने त्या काळच्या फारच थोड्या प्रतिकृती सुस्थितीत राहिल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात प्रतिकृतींना लष्करी महत्त्व आले. आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे त्याच्या आकृतीवरून क्षणार्धात ओळखणे तोफचींना व वैमानिकांना आवश्यक होते; चूक झाल्यास स्वपक्षाचेच विमान पाडले जाण्याचा धोका असे. १९४२ च्या प्रारंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडून पाच लक्ष लाकडी प्रतिकृती करून घेण्याची योजना हाती घेतली. या प्रतिकृती १/७२ प्रमाणात करावयाच्या व काळ्या रंगवावयाच्या होत्या. ३५ फुटांवरून पाहिलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. प्रमाणाचा संबंध केवळ लांबीशी नसून पाहणाऱ्याच्या अंतराशीही आहे, हे तत्त्व या योजनेत प्रत्यक्ष उपयोगात आणले गेले.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक स्वस्त झाले आणि वितळलेले प्लॅस्टिक दाबाने पोलादी साच्यात भरण्याच्या अंतःक्षेपण पद्धतीने संचांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले. ब्रिटनमधील एअरफिक्स या कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायर विमानाचा आपला पहिला विमानसंच काढला. अमेरिकेत रेव्हेल व मोनोग्रॅम आणि जपानमध्ये टामिया व हासेगावा या कंपन्या प्रसिद्धीस आल्या. हौशी कारागिरांची आंतरराष्ट्रीय प्लॅस्टिक प्रतिकृतिकार संस्था १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली व पुढे तिच्या शाखा अनेक देशांत निघाल्या. प्रारंभीच्या संचांत पत्र्यांचे सांधे उंचवट्याच्या रेषांनी दाखवीत; १९८० नंतर ते खोलगट रेषांनी दाखविण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. पूर्वी साचे मोठ्या लाकडी नमुन्यावरून आकारलेखक यंत्राने कोरीत. आता आराखडा संगणकावर तयार करून त्यानुसार यंत्राकडून साचा कापून घेतात. त्यामुळे भागांची अचूकता पुष्कळच वाढली आहे.

प्रमाण : लढाऊ विमानांसाठी १/१४४, १/७२, १/४८ व १/३२ ही प्रमाणे मुख्यत्वे वापरतात. ती फूट-इंच पद्धतीवरून आली आहेत. १/४८ प्रमाणात एक फूट म्हणजे पाव इंच होतो. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७·१५४ मी. आहे. तो १/१४४ प्रमाणात सुमारे ५० मिमी., १/७२ मध्ये ९९ मिमी., १/४८ मध्ये १४९ मिमी. व १/३२ मध्ये २२४ मिमी. भरतो. लांबी ४८ पटींनी कमी झाली, तर क्षेत्रफळ २,३०४ पटींनी व घनफळ १,१०,५९२ पटींनी कमी होते. सुमारे ५,५०० किग्रॅ. वजनाचे रिकामे विमान या हिशेबाने केवळ ५० ग्रॅम वजनाचे होते. हातात घेतलेली प्रतिकृती हलकी व नाजूक का वाटते, याचे उत्तर या गणितात आहे.

प्रमाणाच्या मर्यादा : विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा साधारणतः एक-दोन मिमी. जाड असतो. १/४८ प्रमाणात १·५ मिमी. जाडीचा पत्रा ०·०३ मिमी. व्हावयास हवा, इतके पातळ प्लॅस्टिक साच्यात ओतणे व्यवहार्य नसते. वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक झाकण संचात १ मिमी. जाडीचे असेल, तर ते ४८ मिमी. जाडीच्या काचेसारखे दिसते. पत्र्यांच्या सांध्यांची ०·१ मिमी. रुंद खाच मूळ विमानावरील जवळजवळ ५ मिमी. फटीशी तुल्य होते. खऱ्या विमानाच्या बाबतीत इतकी फट अभियंत्याला मान्य होणार नाही. तथापि ती गाळली, तर प्रतिकृती गुळगुळीत खेळण्यासारखी दिसते. म्हणजे सांध्यांच्या रेषा ही मापाची नक्कल नसून एक स्वीकृत संकेत आहे. जेथे कडा प्रत्यक्ष नजरेस पडते, तेथे–उदा., पंखाची मागची कड, चाककोशांची दारे, झाकणाची चौकट–कुशल कारागीर घासून किंवा पातळ धातूचे भाग वापरून जाडी कमी करतो. इतरत्र ती तशीच राहू देतो.

विमानाची निवड व पुरावा : ‘मिग-२१ ची प्रतिकृती’ हे वर्णन अपुरे आहे. या विमानाचे पहिले नमुने सोव्हिएट संघात १९५५ मध्ये उडाले व पुढे दहा हजारांहून अधिक विमाने तयार झाली. या दीर्घ काळात त्याचे रूप वारंवार बदलले. आरंभीच्या एफ-१३ या प्रकारात पाठीचा कणा अरुंद, हवा घेण्याचे तोंड लहान, वायुवेग मोजणारी नळी तोंडाच्या खाली आणि झाकण समोरच्या काचेसह पुढच्या बाजूस उचलले जाणारे होते. पुढील प्रकारांत रडारसाठी तोंड मोठे झाले, नळी वर गेली, समोरची काच स्थिर राहून झाकण उजवीकडे उघडू लागले आणि इंधनासाठी पाठीचा कणा फुगत गेला. भारतीय हवाई दलाच्या ‘बायसन’ या सुधारित प्रकारात समोरील काच मधल्या चौकटीविना एकसंध आहे. एका प्रकारच्या संचावर दुसऱ्या प्रकाराचे रंग व चिन्हे दिली, तर मापे बरोबर असूनही प्रतिकृती खोटी ठरते.

म्हणून जाणकार कारागीर एखादा प्रकार नव्हे, तर विशिष्ट क्रमांकाचे विमान व विशिष्ट काळ निवडतो. भारतीय मिग-२१ एफएल विमाने प्रारंभी बहुतांशी उघड्या धातूच्या रंगाची होती. पुढचा शंकू व शेपटीच्या टोकाचा विद्युत् अपारक भाग हिरवा असे. १९७१ च्या युद्धकाळात शत्रूच्या नजरेस ती चटकन पडू नयेत म्हणून पुष्कळ विमानांवर तळावरच हिरवे व मातकट पट्टे दिले गेले. हे काम कारखान्यातील आराखड्यानुसार नव्हे, तर स्थानिक पातळीवर झाल्यामुळे पट्ट्यांचे आकार तळागणिक व विमानागणिक वेगळे होते. अशा वेळी सर्वसामान्य रंगतक्ता उपयोगी पडत नाही. त्या विमानाचे त्या काळातील छायाचित्र हाच पुरावा ठरतो.

पुराव्याचीही पारख करावी लागते. जुन्या कृष्णधवल छायाचित्रात लाल व हिरवा यांतील भेद फिल्मच्या प्रकारावर अवलंबून असतो. रंगीत छायाचित्रांचे रंग वर्षानुवर्षे विटत जातात. चौकांत किंवा संस्थांच्या प्रवेशद्वाराशी स्मारक म्हणून उभी असलेली विमाने आकार व तपशील मोजण्यास उपयुक्त असली, तरी ती निवृत्तीनंतर अनेकदा पुन्हा रंगविलेली असल्याने सेवाकाळातील रंगांचा पुरावा म्हणून त्यांवर विसंबणे धोक्याचे असते. अशा विमानांवर इतर प्रकारांचे सुटे भाग बसविलेलेही आढळतात.

संच व साहित्य : संचातील भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला बारीक दांड्यांनी जोडलेले असतात. त्यांशिवाय पारदर्शक भाग, पाण्याने चिकटणारी छापील चिन्हे व जोडणीची आकृतिपत्रिका दिलेली असते. अधिक तपशिलासाठी रासायनिक उत्कोरणाने कापलेले पितळी पत्र्याचे भाग (आसनाचे पट्टे, उपकरणफलक, जाळ्या), रेझिनमध्ये ओतलेली आसने व निष्कासनळ्या आणि धातूची कातीव वायुवेगनळी वेगळी मिळते. २०१० नंतर त्रिमितीय मुद्रणाने केलेले भागही प्रचारात आले आहेत.

हत्यारांमध्ये धारदार पात्याची सुरी, भाग कापण्याची लहान पक्कड, चिमटे, बारीक कानशी, ४०० ते २,००० क्रमांकांपर्यंतचे पाण्यात वापरावयाचे पॉलिश कागद, चिकटपट्टी, कुंचले व एअरब्रश यांचा समावेश होतो. चिकटविण्यासाठी दोन वेगळ्या तत्त्वांची द्रव्ये वापरतात. पॉलिस्टायरीनसाठीचा ‘सिमेंट’ हा वस्तुतः विद्रावक असतो. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवितो, त्यांचे रेणू एकमेकांत मिसळतात व विद्रावक उडून गेल्यावर सांधा जणू एकसंध होतो. धातू किंवा रेझिन यांवर विद्रावकाचा असा परिणाम होत नसल्याने त्यांच्यासाठी सायनोॲक्रिलेट किंवा एपॉक्सी चिकटद्रव्य वापरावे लागते. पारदर्शक भागांना सायनोॲक्रिलेटच्या बाष्पाने पांढुरका धुरकटपणा येतो. म्हणून ते पांढऱ्या पाणविद्राव्य गोंदाने बसवितात.

जोडणी : साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश पृष्ठभागावर राहतो व त्यावर रंग धरत नाही. त्यामुळे सर्व भाग प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवितात. भाग चौकटीपासून तोडून न काढता थोडा दांडा ठेवून कापतात व उरलेला अंश घासून काढतात. प्रत्येक भाग चिकटविण्यापूर्वी कोरडाच जुळवून पाहणे, हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. चिकटविल्यानंतर लक्षात आलेली फट बुजविण्यास कितीतरी पट श्रम पडतात.

विमानाची जोडणी आतून बाहेर या क्रमाने होते. धडाचे दोन अर्ध बंद झाल्यावर आत हात पोहोचत नाही. म्हणून वैमानिक-कक्ष, चाककोश, हवा घेण्याचा मार्ग व निष्कासनळी आधी जोडून व रंगवून घ्यावी लागतात. मिग-२१ चा कक्ष वैशिष्ट्यपूर्ण निळसर हिरव्या रंगाचा असतो. त्यावर पातळ केलेला गडद रंग सोडल्यास तो खाचांत साचून छायेचा भास होतो आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग उंच कडांवर फिरविल्यास प्रकाशाचा भास होतो. लहान कक्षात नैसर्गिक सावली पुरेशी पडत नसल्याने ती अशी रंगवून दाखवावी लागते.

तीन चाकांवर उभ्या राहणाऱ्या जेट विमानाच्या प्रतिकृतीत समतोलाचा प्रश्न येतो. खऱ्या विमानाच्या नाकात रडार व इतर साहित्य असते, तर प्रतिकृती पोकळ असते. परिणामी ती शेपटीवर बसते. यासाठी धड बंद करण्यापूर्वी मुख्य चाकांच्या पुढे शिशाचे छर्रे किंवा तत्सम वजन घालतात. मिग-२१ मध्ये तोंडातील शंकू ही त्यासाठी सोयीची जागा होय. वजन जितके पुढे, तितके ते कमी लागते, हा तरफेचा नियम येथे लागू पडतो.

धडाचे अर्ध जोडल्यावर सांध्यावर लांबी भरून ती वाळल्यावर पॉलिश कागदाने पाण्यात घासतात. खऱ्या विमानाच्या पाठीवरून नाकापासून शेपटीपर्यंत असा सांधा नसतो. तो पूर्णपणे नाहीसा करणे आवश्यक असते. घासताना आजूबाजूच्या खोलगट रेषा पुसल्या जातात, त्या टोकदार हत्याराने पट्टीच्या आधारे पुन्हा कोराव्या लागतात. दोन्ही पंख समोरून पाहता सारख्या कोनात असल्याची खात्री सांधा सुकण्यापूर्वी करून घेतात. मिग-२१ चे पंख बाहेरच्या बाजूस किंचित खाली कललेले असतात. ते सरळ बसविल्यास इतर सर्व तपशील बरोबर असूनही विमानाची ठेवण बिघडते.

रंगकाम : प्रथम करड्या रंगाच्या अस्तराचा पातळ थर फवारतात. अस्तरामुळे पुढील रंग धरतो. शिवाय सर्व पृष्ठभाग एकाच रंगाचा झाल्याने राहिलेले ओरखडे, फटी व बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. अशा ठिकाणी पुन्हा लांबी भरून घासणे व अस्तर देणे, हे दोष नाहीसा होईपर्यंत चालू ठेवतात.

प्रतिकृतीसाठी ॲक्रिलिक, एनॅमल व लॅकर असे तीन प्रकारचे रंग वापरतात. ॲक्रिलिक रंग पाण्याने किंवा अल्कोहॉलने पातळ होतात व लवकर वाळतात. एनॅमल रंग सावकाश वाळतात व त्यांचा पृष्ठभाग सपाट होतो. लॅकरचा थर अत्यंत पातळ व टिकाऊ असला, तरी त्याचे विद्रावक तीव्र असतात. ०·०५ मिमी. जाडीचा रंगाचा थरसुद्धा १/४८ प्रमाणात २·४ मिमी. जाड लेपाशी तुल्य होतो. दाट रंगाने सांध्यांच्या रेषा व रिव्हेटांच्या खुणा बुजतात. म्हणून रंग दुधाइतका पातळ करून अनेक विरळ थर देतात. एअरब्रशमधील हवेचा दाब साधारणतः १ ते १·५ किग्रॅ./चौ. सेंमी. ठेवतात. बारीक रेषांसाठी दाब व अंतर दोन्ही कमी करतात. अंतर जास्त झाल्यास थेंब वाटेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो; फारच कमी झाल्यास रंग ओघळतो.

रंगछटा ठरविण्यासाठी प्रमाणित रंगतक्ते उपयोगी पडतात. अमेरिकेतील फेडरल स्टँडर्ड ५९५ ही रंगमालिका १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली व २०१७ मध्ये तिची जागा एएमएस-एसटीडी-५९५ या मालिकेने घेतली. या पद्धतीत प्रत्येक रंगास पाच अंक असतात. पहिला अंक चकाकी दर्शवितो (१–चकचकीत, २–मध्यम, ३–निस्तेज) व दुसरा रंगाचा वर्ग. उदा., ३६३७५ हा निस्तेज करडा रंग होय. ब्रिटिश व जर्मन प्रमाणमालिकाही प्रचलित आहेत. परंतु तक्त्याशी तंतोतंत जुळणारा रंग प्रतिकृतीवर अनेकदा गडद वाटतो. १/७२ प्रमाणाची प्रतिकृती अर्ध्या मीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान ३६ मीटरांवरून पाहणे होय. दूरच्या वस्तू हवेतील प्रकीर्णनामुळे फिकट दिसतात; त्यामुळे रंगात थोडा पांढरा मिसळावा, असे मत प्रचलित आहे. तथापि स्वच्छ हवेत ३६ मीटर अंतराचा परिणाम नगण्य असतो. अधिक महत्त्वाचे कारण प्रकाशाचे आहे : खरे विमान सुमारे एक लक्ष लक्सपर्यंतच्या सूर्यप्रकाशात उभे असते, तर प्रतिकृती खोलीतील काहीशे लक्स प्रकाशात पाहिली जाते. तसेच मोठ्या पृष्ठभागावर आकाशाचे परावर्तन दिसते, लहानावर ते तसे दिसत नाही. म्हणून रंग किती फिकट करावा, याचे ठराविक सूत्र देता येत नाही. प्रतिकृती जेथे ठेवावयाची त्या प्रकाशातच नमुना रंगवून पाहणे हा मार्ग विश्वसनीय होय.

अनेक रंगांच्या योजनेत फिकट रंग आधी व गडद नंतर देतात. दोन रंगांमधील कड खऱ्या विमानावर कशी होती, हे छायाचित्रावरून पाहावे लागते. कड स्पष्ट असल्यास चिकटपट्टी घट्ट बसवितात. ती विरळ असल्यास कागदाचा आकार पृष्ठभागापासून किंचित उचलून धरतात किंवा मोकळ्या हाताने फवारतात. मूळ विमानावर २ सेंमी. रुंदीत विरणारी कड १/४८ प्रमाणात केवळ ०·४ मिमी. असते. ती ५ मिमी. रुंद झाल्यास धुक्यासारखी दिसते. हा या कामातील नेहमी आढळणारा दोष होय.

उघड्या धातूचा पृष्ठभाग दाखविणे हे सर्वांत अवघड मानतात. त्यासाठी चकचकीत काळ्या अस्तरावर सूक्ष्म ॲल्युमिनियम कणांचा रंग अत्यंत विरळ फवारतात. अस्तरावरील प्रत्येक ओरखडा या रंगात उठून दिसतो. खऱ्या विमानाचे पत्रे निरनिराळ्या मिश्रधातूंचे व वेगवेगळ्या दिशांनी लाटलेले असल्याने शेजारचे दोन पत्रेही सारखे चमकत नाहीत. हा फरक काही पत्रे किंचित गडद वा फिकट करून दाखवितात. निष्कासनळीजवळ तापलेल्या पोलादावर ऑक्साइडाचा पातळ थर साचतो व प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे त्याच्या जाडीनुसार रंग दिसतात. साध्या पोलादावर सुमारे २२०° से. ला फिकट पिवळा व ३००° से. च्या आसपास निळा रंग येतो. उष्णतारोधी मिश्रधातूंवर हेच रंग अधिक तापमानास येतात. हा क्रम लक्षात ठेवून पारदर्शक पिवळा, तपकिरी, जांभळा व निळा असे थर दिल्यास परिणाम विश्वसनीय होतो. क्रम उलटा झाल्यास तो केवळ शोभेचा राहतो.

चिन्हे : वर्तुळचिन्ह, शेपटीवरील तिरंगी पट्टा, क्रमांक व सूचनाक्षरे पातळ पारदर्शक पटलावर छापलेली असतात. ती पाण्यात भिजवून कागदावरून प्रतिकृतीवर सरकवितात. निस्तेज रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्मदृष्ट्या खडबडीत असल्याने पटलाखाली हवा अडकते व त्या जागी चंदेरी डाग दिसतो. हे टाळण्यासाठी आधी चकचकीत वार्निशाचा थर देतात. पटल मऊ करणारे द्रावण लावल्यास ते खाचांमध्ये बसते व चिन्ह रंगविल्यासारखे दिसते. भारतीय वर्तुळचिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा व आत हिरवा हा क्रम असतो.

वापराच्या खुणा : चिन्हांवर पुन्हा वार्निश देऊन पातळ केलेला तैलरंग खाचांत सोडतात, केशाकर्षणाने तो रेषेतून आपोआप पसरतो. जास्तीचा रंग हवेच्या प्रवाहाच्या दिशेने पुसतात. यानंतर तेलाचे ओघळ, वैमानिक चढतो त्या जागी झिजलेला रंग, तोफेच्या तोंडाजवळची काजळी व चाकांजवळची धूळ दाखवितात. प्रत्येक खुणेस कारण असावे लागते : तेल गळतीच्या जागेपासून उड्डाणात मागे व जमिनीवर खाली वाहते; रंग हाताळणीच्या जागी झिजतो, सर्वत्र सारखा नव्हे. नियमित देखभाल होणारी लढाऊ विमाने गंजलेल्या यंत्रांसारखी दिसत नाहीत. कारण न शोधता टाकलेले डाग विमानाचा इतिहास सांगत नाहीत, कारागिराची हौस तेवढी सांगतात. शेवटी निस्तेज किंवा मध्यम चकाकीचे वार्निश देऊन झाकण, चाके, क्षेपणास्त्रे व वायुवेगनळी यांसारखे नाजूक भाग बसवितात. सोव्हिएट बनावटीच्या विमानांच्या चाकांची तबके ठळक हिरव्या रंगाची असत, हा लहानसा तपशील पाहणाऱ्यास लगेच खूण पटवितो.

दक्षता : विद्रावक व फवाऱ्यातील सूक्ष्म थेंब आरोग्यास अपायकारक असल्याने हवेशीर जागा, हवा बाहेर टाकणारा पंखा व योग्य श्वसनमुखवटा आवश्यक असतो. रेझिनची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून तो ओला ठेवून घासतात. विद्रावकांजवळ ज्योत असू नये. लहान मुलांनी सुरी व सायनोॲक्रिलेट वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच वापरावे.

महत्त्व : या छंदातून हस्तकौशल्य, भूमिती, पदार्थविज्ञान व रंगशास्त्र यांचे शिक्षण होते. त्याहून वेगळे मूल्य नोंदीचे आहे. निवृत्त लढाऊ विमानांपैकी बहुतेक मोडीत निघतात. संग्रहालयांत व स्मारकांत थोडी उरतात आणि त्यांचेही मूळ रंग टिकत नाहीत. मिग-२१ चे महाराष्ट्राशी निकटचे नाते आहे. या विमानाच्या परवानाधारित उत्पादनासाठी हिंदुस्थान एअरोनॉटिक्स लिमिटेडचा विभाग १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे स्थापन झाला आणि तेथे एफएल, एम व बिस या प्रकारांची विमाने तयार झाली. एफएल प्रकार डिसेंबर २०१३ मध्ये सेवेतून निवृत्त झाला व उरलेली मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथील समारंभात निवृत्त करण्यात आली. ज्या तंत्रज्ञांनी, रंगाऱ्यांनी व वैमानिकांनी ही विमाने हाताळली, त्यांच्याजवळील छायाचित्रे व आठवणी यांवरून कोणत्या विमानावर कोणत्या वर्षी कोणते रंग होते, हे अजून निश्चित करता येते. अशा माहितीची छाननी करून केलेली प्रतिकृती त्या विमानाच्या विशिष्ट दिवसाचा त्रिमितीय दस्तऐवज ठरते. तिच्यासोबत विमानाचा क्रमांक, काळ आणि आधारभूत छायाचित्रे यांची लेखी नोंद ठेवली, तर पाहणाऱ्यास तिची सत्यता तपासता येते. अशा नोंदीविना उत्कृष्ट कारागिरीचे मोलही केवळ शोभेपुरते राहते.